मोजमापाची रेल्वे : एकलहऱ्याच्या कोळसा सायडिंगचा लेआउट कसा करावा



मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. गोल रूळ, त्यावर भरधाव फिरणारं इंजिन, मागे तीन डबे आणि टाळ्या पिटणारी पोरं. त्यात काही वाईट नाही. मात्र आज मी ज्याबद्दल बोलणार आहे त्याला या छंदातले लोक ‘फाइनस्केल’ म्हणतात. आपण त्याला काटेकोर मापाची मॉडेल रेल्वे म्हणू. यात पहिला प्रश्न ‘गाडी किती छान दिसते’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘हे माप कुठून आलं?’

उदाहरण म्हणून मी कुठला निसर्गरम्य घाट घेणार नाही, एकलहऱ्याची कोळशाची सायडिंग घेणार आहे. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकलहरे म्हणजे नाशिक रोडच्या पूर्वेला, गोदावरीच्या काठचं गाव. इथे औष्णिक वीज केंद्र आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पहिले दोन संच आले, १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे आणखी तीन आले. पहिले दोन आता बंद झालेत, पुढचे तीन म्हणजे ६३० मेगावॉट. मुंबई–भुसावळ मार्गावरून कोळसा येतो आणि फाट्यावरून आत वळतो. याच परिसरात रेल्वेचं ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे, नाशिक रोडला रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था आहे. म्हणजे रेल्वे आणि वीज हे दोन्ही विषय इथल्या घराघरांत माहितीचे. तरीही कोणी म्हणालं, ‘मी या सायडिंगचं मॉडेल करतो,’ तर घरचेच विचारतील, ‘अरे, त्यात बघण्यासारखं काय आहे?’

आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आपल्याकडे काय आहे, आणि हे वेगळं कसं

महाराष्ट्रात छोट्या रेल्वेचा विषय निघाला की पुण्याचं नाव घ्यावंच लागतं. कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं. वाफेच्या गाडीपासून वेगवान गाडीपर्यंत सगळे प्रकार, सिग्नल, दिवे, छोटं शहर, असं सगळं तिथे हलताना दिसतं. रेल्वे नावाची गोष्ट किती तऱ्हांची असते, हे एका खोलीत दाखवणं हा त्याचा हेतू. हजारो मुलांनी ते पाहिलंय.

फाइनस्केलचा हेतू नेमका उलटा आहे. सगळ्या गाड्या नकोत, एकच जागा हवी. ती जागा, त्या काळातली, जशी होती तशी.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम या गावी पेंडन नावाचं संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसानं ते सुरू केलं. १९२०–३० च्या दशकांत त्यानं पाहिलं की आसपासच्या खेड्यांतली गवती छपरांची घरं हळूहळू बदलताहेत, पडताहेत. मग तो ती मोजायला लागला. घराची उंची, विटांच्या ओळी, छपराचा उतार, परसातली भाजी. ही घरं प्रमाणात लहान करून, कागद आणि पुठ्ठ्यातून, एकेक घर महिनोन्‌महिने खपून तयार झालं. त्यातून एक अख्खं खोरं उभं राहिलं आणि त्यातून धावणारी रेल्वे. आज त्यातली बरीच घरं मूळ रूपात नाहीत, मॉडेलमध्ये आहेत.

ही गोष्ट लक्षात ठेवा. देवळाचे फोटो लोक काढतात, किल्ल्यावर पुस्तकं लिहितात. कोळशाच्या सायडिंगचं माप कोण लिहून ठेवणार?

गेजचा घोळ

आता कामाचं बोलू. पहिला निर्णय म्हणजे प्रमाण कोणतं घ्यायचं. इथे आपल्याकडे एक खास अडचण आहे आणि तिचं एक गमतीशीर उत्तरही आहे.

जगात सर्वात जास्त विकलं जाणारं मॉडेल रेल्वेचं माप म्हणजे एचओ. प्रमाण १:८७. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १६.५ ला ८७ नं गुणा, १४३५ येतात. १४३५ मिलिमीटर म्हणजे युरोप–अमेरिकेतला प्रमाण गेज. त्यांचा हिशेब बरोबर जुळला. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटर आहे, साडेपाच फूट. डलहौसीच्या काळात हे ठरलं आणि १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडीही याच रुंदीवर धावली. म्हणजे १:८७ प्रमाणात भारतीय इंजिन करून ते बाजारातल्या एचओ रुळावर ठेवलं, तर ते भारतीय इंजिन साडेपाच फुटी नव्हे, चार फूट साडेआठ इंची रुळावर उभं राहतं. समोरून बघितलं की धिप्पाड पैलवानाचे पाय बारीक दिसावेत तसं दिसतं.

हा घोळ इंग्रजांनी स्वतःच्या घरीही केला होता. त्यांची इंजिनं आकाराने लहान, त्यात पूर्वीच्या मोटारी मावत नव्हत्या. म्हणून त्यांनी वरचा भाग १:७६.२ ला केला, म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर, आणि रूळ मात्र तेच १६.५ चे ठेवले. लाखो लोकांनी ते चालवून घेतलं. १९६० च्या दशकात काही हट्टी मंडळी म्हणाली, हे चालणार नाही. ४ मिलिमीटरच्या हिशेबाने खरं अंतर १८.८३ येतं, तर १८.८३ च ठेवायचं. चाकाची जाडी, कडेची उंची, सांध्यातली फट, सगळंच त्याच हिशेबानं. त्यातून ‘प्रोटोफोर’ हे मानक आलं. आपण ज्याला फाइनस्केल म्हणतोय त्याचा कणा हा आहे.

आपल्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली : १:७६.२ घ्या. साडेपाच फूट गुणिले ४, बरोबर २२ मिलिमीटर. हिशेब सरळ, पण २२ मिलिमीटरचा तयार रूळ बाजारात सहज मिळत नाही, सगळं हाताने.

दुसरी : १:८७ घ्या. १६७६ भागिले ८७, म्हणजे १९.२६. हेही हाताने.

तिसरी वाट मला फार आवडते. एका फुटाला ३ मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६. साडेपाच गुणिले तीन किती? १६.५! म्हणजे जो रूळ युरोपच्या गाडीसाठी बनला, तोच या प्रमाणात हुबेहूब आपला ब्रॉडगेज होतो. तोडजोड नाही, ओढाताण नाही. शिवाय प्रमाण जवळजवळ शंभराला एक, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. खरा १ मीटर म्हणजे मॉडेलमध्ये १ सेंटीमीटरला किंचित कमी.

याची किंमत एकच : या प्रमाणातली तयार भारतीय गाडी मिळण्याची आशा सोडायची. वाघिणी आणि इंजिन आपल्यालाच करायचंय. करायचंच आहे, तर बरोबर करू.

एक वाघीण, आकड्यांसकट

कोळसा वाहणारी आपली ओळखीची वाघीण म्हणजे बॉक्सएन. वरून उघडी, उंच भिंतींची. कपलरपासून कपलरपर्यंत लांबी १०.७१३ मीटर, रुंदी ३.२ मीटर, उंची सव्वातीन मीटरला जरा कमी. चाकाचा व्यास १ मीटर. रिकामी साडेबावीस टनांच्या आसपास, भरलेली सुमारे ८१ टन. यातले वजनाचे आकडे तर वाघिणीच्या अंगावरच रंगवलेले असतात. फाटकावर गाडी जायची वाट बघत उभे असता, तेव्हा मोबाइल बघण्याऐवजी ते वाचा.

आता १०१.६ ने भागा. लांबी १०५ मिलिमीटर, रुंदी साडेएकतीस, चाक ९.८. हातात मावणारी वस्तू. वजन मात्र असं भागायचं नाही हं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही लहान होतात, म्हणून वजन घनाच्या हिशेबानं उतरतं. १०१.६ चा घन साडेदहा लाखांच्या आसपास. ८१ टन भागिले साडेदहा लाख, म्हणजे सुमारे ७७ ग्रॅम. मला हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मजा वाटली. कोळशानं भरलेली अख्खी वाघीण म्हणजे एक मध्यम आकाराचा कांदा.

पण प्रत्यक्षात घर्षण या हिशेबानं कमी होत नाही. म्हणून इंजिनात शिसं भरून त्याचं वजन वाढवतात आणि वाघिणी हलक्या ठेवतात. वाघिणीच्या भिंती स्टायरीनच्या पातळ पत्र्याच्या करता येतात, बाहेरच्या उभ्या पट्ट्या त्यावर चिकटवायच्या. एकसारख्या वीस करायच्या असतील तर एकच नीट करून तिचा रबरी साचा काढा आणि रेझिन ओता, किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढून घ्या. अंबड–सातपूरच्या औद्योगिक वसाहती ज्या शहरात आहेत, तिथे लेझरनं पितळी पत्रा कापून देणारा माणूस शोधायला फार फिरावं लागू नये.

चाक का घसरतं

आता या छंदाचा गाभा. खऱ्या चाकाची आतली कड, म्हणजे फ्लँज, साडेअठ्ठावीस मिलिमीटर खोल असते. आपल्या प्रमाणात ती होते ०.२८ मिलिमीटर. दोन-तीन कागद एकावर एक ठेवले की जेवढं होतं तेवढं. बाजारात मिळणाऱ्या एचओ चाकाची कड साधारण ०.६४ आणि चाकाची रुंदी २.७९. हे उलट गुणून बघा : कड ६५ मिलिमीटर, रुंदी २८३. खऱ्या चाकाची रुंदी १२७. म्हणजे दुपटीहून जाड चाक. लांबून चालून जातं, पण समोरून वाघीण बघितली की चोरी पकडली जाते.

मग सगळे बारीक चाकच का वापरत नाहीत? कारण बारीक चाक क्षमा करत नाही. ०.२८ ची कड असेल आणि रुळात ०.३ चा खड्डा असेल, तर चाक हवेत आणि गाडी खाली.

याचं उत्तर आपल्या घरात आहे. चार पायांचं टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगतं. तीन पायांची तिवई कधीच डुगडुगत नाही, जमीन कशीही असो. वाघिणीच्या दोन बोगींपैकी एक फक्त वळू द्यायची, दुसरी वळूही द्यायची आणि डावी-उजवीकडे झुकूही द्यायची. म्हणजे वाघीण तीन बिंदूंवर उभी राहते. तिवईच झाली. मग आठही चाकं रुळाला धरून राहतात. काही जण यापुढे जाऊन प्रत्येक आसाला बारीक तारेची स्प्रिंग लावतात. खऱ्या वाघिणीला स्प्रिंग असते ती याच कारणासाठी. बघा, माप खरं ठेवलं की खऱ्या रेल्वेची अडचण आपल्याकडे येते आणि तिचं उत्तरही खऱ्या रेल्वेचंच लागतं.

एक सावधगिरी. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर खऱ्या ब्रॉडगेजवर १६०० मिलिमीटर, आपल्या प्रमाणात १५.७५. तयार एचओ चाकांत ते साधारण १४.४ असतं. त्यामुळे बारीक चाकं आणि जाड चाकं एकाच सांध्यावरून चालत नाहीत. आधी ठरवा, मग विकत घ्या. पहिला लेआउट असेल तर गेज खरा ठेवा, चाकं तयार वापरा. ते कमीपणाचं नाही. फक्त काय खरं आहे आणि काय नाही, हे लिहून ठेवा.

रूळ, खडी, माती

आपल्याकडचा ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटर उंच असतो, ६० किलोचा १७२. आपल्या प्रमाणात १.५४ आणि १.६९. स्वस्त खेळण्यातला ‘कोड १००’ रूळ २.५४ मिलिमीटर उंच, म्हणजे खऱ्या मापात अडीचशेहून जास्त. तो नको. ‘कोड ६०’ म्हणजे १.५२, आपल्या ५२ किलोला जवळजवळ तंतोतंत. सिमेंटचे स्लीपर पावणेतीन मीटर लांब, म्हणजे २७ मिलिमीटर, आणि साधारण ६० सेंटीमीटरवर एक, म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटरवर एक. एका मीटरला १६०–१७० स्लीपर. कंटाळवाणं आहे का? आहे. रेडिओ लावून करा.

सांध्याचा कोनही असाच. खेळण्यातला सांधा २२.५ अंशात वळतो. आपल्या यार्डातला नेहमीचा सांधा १:८.५ किंवा १:१२ चा. १:८.५ म्हणजे सुमारे ६.७ अंश. लेआउट खरा दिसतो की खेळणं दिसतो, हे निम्मं या एका कोनावर ठरतं. वाघीण सांध्यावरून जाताना झटका न देता सरकली पाहिजे.

खडी म्हणजे आपला काळा पाषाण. दुकानातली राखाडी-गुलाबी खडी आणून टाकली तर तो रूळ दख्खनचा राहत नाही. क्रशरची कच आणा, मैद्याच्या चाळणीनं चाळा. ६५ मिलिमीटरचा मोठ्यात मोठा दगड आपल्या प्रमाणात ०.६ मिलिमीटर होतो. माती तिथलीच घ्या, काळी. वाळवा, चाळा आणि वापरण्यापूर्वी तिच्यातून चुंबक फिरवा. मातीतले लोहाचे कण नंतर इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. झाडं तयार मिळतात ती युरोपातली, सूचिपर्णी. आपल्याला बाभूळ हवी. तारेचे पीळ, त्यावर विरळ पानोळा, वरून चपटी. आठ मीटरची बाभूळ म्हणजे ८ सेंटीमीटर. खाली घाणेरी, गाजरगवत.

आणि राख. कोळशावरच्या वीज केंद्राच्या आसपास धुळीचा, राखेचा पातळ थर असतोच. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असतं, ती कुठेतरी जाणारच. मॉडेल करताना मोह होतो की सगळं स्वच्छ, हिरवंगार दाखवावं. तसं केलंत तर रूळ कितीही मापात असो, लेआउट खोटा. पानांवर, छपरांवर, वाघिणींच्या कडांवर फिकट करडा हात फिरवा. बघणारा एकलहऱ्याचा असेल तर तो त्या रंगावरूनच गाव ओळखेल.

काय आखडायचं

आता खरी परीक्षा. कोळशाच्या पूर्ण रेकमध्ये ५८-५९ वाघिणी असतात. ५८ धरल्या तरी ६२१ मीटर. आपल्या प्रमाणात ६.१ मीटर आणि वर २० सेंटीमीटरचं इंजिन. कोणाच्या दिवाणखान्यात मावणार?

माझा नियम असा : लांबी आखडा, रुंदी आणि उंची आखडू नका. वीस वाघिणींची गाडी, इंजिन आणि ब्रेक व्हॅन मिळून सुमारे २.४ मीटर होते. बघणाऱ्याची नजर एकदम एवढीच लांबी धरते. वीसच्या वर वाघिणी तो मोजत नाही, ‘लांबलचक’ म्हणतो. पण दोन रुळांतलं अंतर कमी केलंत, तर ते लगेच डोळ्यांत खुपतं. ४.७ ते ५.३ मीटर, म्हणजे आपल्याकडे ४.६ ते ५.२ सेंटीमीटर, हे पाळाच.

वळणाचंही तसंच. ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरहून कमी घेत नाहीत. मॉडेलमध्ये १.७२ मीटर. पूर्ण गोल करायला साडेतीन मीटर रुंद खोली हवी. म्हणून गोल करूच नका. समोर दिसणारा भाग सरळ आणि सौम्य वळणाचा ठेवा, तंग वळणं पडद्यामागे.

उंचीचं कोडं चिमणीचं. दीडशे मीटरची चिमणी धरली तर मॉडेलमध्ये दीड मीटर होते. रुळापेक्षा लोक तिच्याकडेच बघतील. तिचा बुंधा पुढे उभा करा, वरचा भाग मागच्या रंगवलेल्या पडद्यावर धूसर जाऊ द्या.

आणि काळ ठरवा. १९८५ म्हणालात तर डब्ल्यूएजी-७ आणू नका, ते १९९२ नंतरचं. डब्ल्यूएजी-९ तर १९९६ नंतरचं. त्या काळात इगतपुरीपर्यंत दीड हजार व्होल्ट डीसी आणि पुढे २५ हजार व्होल्ट एसी होतं. इगतपुरीला इंजिन बदलायचं, म्हणून घाटातलं डीसी इंजिन एकलहऱ्याच्या लेआउटवर दिसलं तर जाणकार हसतील. वाघिणी रिकाम्या करताना त्या ज्या टिप्पलरमध्ये उलट्या करतात, त्याच्यावर विजेची तार टाकता येत नाही, हेही लक्षात घ्या.

प्रदर्शन : भरलेली आत, रिकामी बाहेर

लेआउट घरात पूर्ण होतो, पण सिद्ध होतो प्रदर्शनात. आपल्याकडे यासाठी परंपरा तयार आहे. गणपतीतले हलते देखावे बघून आपण मोठे झालो, दिवाळीत किल्ले केले. गर्दी, ढकलाढकली, लाइट जाणं, दहा दिवस सलग चालवणं, हे सगळं आपल्या मंडळांना पाठ आहे.

पाट्या १२० बाय ६० सेंटीमीटरच्या करा, ९ मिलिमीटर प्लायच्या, खाली पेटीसारखी चौकट. एक माणूस एक पाटी उचलू शकला पाहिजे आणि ती जिन्यातून वळली पाहिजे. अशा तीन पाट्या म्हणजे ३.६ मीटर, खरे ३६६ मीटर. पाट्या जोडताना नुसत्या बोल्टवर विसंबू नका, पितळी डॉवेल बसवा. बोल्ट आवळतो, डॉवेल जागा दाखवतो. ०.२८ च्या कडेला जोडावर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून प्लायला सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडांनाही, वॉर्निश द्या.

आता खेळ काय दाखवायचा? ढोबळ हिशेब करू. ६३० मेगावॉट चोवीस तास पूर्ण क्षमतेनं चालले, तर दिवसाला दीड कोटी युनिट. युनिटला सुमारे ०.७ किलो कोळसा धरला तर साडेदहा हजार टन. एका रेकमध्ये सुमारे ३,४०० टन. म्हणजे दिवसाला तीनेक रेक. हे आपलं वेळापत्रक. भरलेली गाडी येते, रिकामी जाते, मध्ये यार्डात थांबते.

पण मॉडेलमध्ये भरलेली गाडी रिकामी कशी करणार? करायची नाही. दोन गाड्या करा, एक भरलेली, एक रिकामी. भरलेली गाडी वीज केंद्राच्या इमारतीत शिरते आणि मागच्या पडद्याआडून लपलेल्या यार्डात जाते. तिथे आधीच उभी असलेली रिकामी गाडी थोड्या वेळानं इमारतीतून बाहेर येते. बघणाऱ्याला वाटतं, कोळसा आत उतरला. दिवसभर हे चक्र चालतं आणि एकाही वाघिणीला हात लावावा लागत नाही. कोळशाच्या सायडिंगसारखी जागा या युक्तीसाठी जणू बनलेलीच आहे.

वेग हा प्रदर्शनातला सगळ्यात मोठा मोह. यार्डात गाडी ताशी १५ किलोमीटरनं चालत असेल, तर मॉडेलमध्ये सेकंदाला ४ सेंटीमीटर. ३.६ मीटर पार करायला दीड मिनिट. मुलं ओरडतील, ‘काका, जोरात!’ ऐकू नका. दीड मिनिट ती वाघिणी मोजतील, ब्रेक व्हॅन शोधतील. मुलांसाठी पुढे एक पायरी ठेवा, कारण लेआउट डोळ्यांच्या जरा खालीच हवा. वरून बघितला की नकाशा दिसतो, समोरून बघितला की गाव. पुढे एक माणूस फक्त बोलायला ठेवा. गाडी चालवणाऱ्यानं बोलू नये आणि बोलणाऱ्यानं गाडी चालवू नये.

हा बोलणारा माणूस खरं तर ऐकणारा हवा. असा लेआउट एकलहरे–नाशिक रोडच्या एखाद्या सभागृहात मांडला, तर समोर जे उभे राहतील त्यांत वाघिणी रिकाम्या करणारे, सांधे बदलणारे, रुळांची देखभाल करणारे, तिथून निवृत्त झालेले लोक असतील. ते म्हणतील, ‘हा रूळ इथे नव्हता, जरा पुढे होता. इथे आमची चहाची टपरी होती.’ ते वहीत लिहून घ्या आणि पुढच्या वर्षी बदला. संच जुने होतायत, बंद होतायत. केंद्राचं पुढे काय होईल ते धोरण ठरवेल. पण तीस-चाळीस वर्षं तिथे काम केलेल्या माणसाला त्याची कामाची जागा कोणी मापात मांडून दाखवली, तर त्या आठवणी बोलायला लागतात. नुसत्या फोटोसमोर माणूस ‘हो, असंच होतं’ म्हणतो. मॉडेलसमोर तो चूक काढतो. आणि चूक काढताना तो जे सांगतो, ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.

‘त्यात बघण्यासारखं काय आहे’ या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : वीज केंद्र तर प्रतिबंधित जागा आहे. मापं घ्यायची कशी?

आत शिरून, लपून फोटो काढून अजिबात नाही. लेखी परवानगी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी बरंच काम होतं. वाघिणी, रूळ, स्लीपर, सांधे यांची मापं ठरलेली असतात, ती रेल्वेच्या प्रकाशित पुस्तकांत मिळतात. रस्त्यावरून, फाटकावरून जे कोणालाही दिसतं ते बघा. एक माप पक्कं असलं की बाकीची निघतात. भिंतीशेजारी बॉक्सएन उभी असेल, तर तिची लांबी १०.७ मीटर, मग भिंत किती? आणि आतली यंत्रसामग्री तपशिलात दाखवायची गरजही नाही. आपला विषय सायडिंग आहे.

प्रश्न : संगणकावर हे सगळं थ्रीडीत करता येतं. मग एवढी मेहनत कशाला?

संगणकावर आराखडा जरूर करा, मीही तेच सुचवेन. पण पडद्यावरची गाडी घसरत नाही, तुम्ही घसरवली तरच घसरते. इथे रूळ अर्धा मिलिमीटर चुकला की गाडी स्वतः सांगते. शिवाय पडद्याभोवती तीन पिढ्या उभ्या राहून वाद घालत नाहीत. टेबलाभोवती घालतात.

प्रश्न : खर्च आणि वेळ खूप लागेल. सुरुवात कुठून करायची?

लेआउटपासून करू नका. ३० सेंटीमीटरची एक फळी घ्या. त्यावर रूळ टाका, स्लीपर मापात, खडी चाळून. एक बॉक्सएन करा, तिवईच्या तत्त्वावरच्या बोगींसकट. बोटानं ढकला आणि डोळे रुळाच्या उंचीवर आणून बघा. या एका फुटात गेज, चाक, खडी, रंग, राख सगळं आलं. त्यात आनंद वाटला तर दुसरी वाघीण करा. नाही वाटला, तर तुमच्याकडे टेबलावर ठेवायला एकलहऱ्याची एक वाघीण आहे आणि ती मापात आहे.